गोव्याच्या गढूळ पाण्यासाठी स्ट्रोब निवडताना

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डायव्हिंगच्या होड्या पुन्हा ग्रांदे बेटाकडे जाऊ लागल्या, की ओळखीपाळखीतून एक प्रश्न ठरल्याप्रमाणे माझ्याकडे येतो. कॅमेरा कॉम्पॅक्ट आहे, त्याचे हाउसिंग, म्हणजे पाणी आत न शिरू देणारी पेटी, घेऊन झाले आहे, आता बाहेरून जोडायचा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब, कोणता घ्यावा? विचारणाऱ्याला कंपनीचे आणि मॉडेलचे नाव हवे असते आणि मी मात्र त्याचीच उलटतपासणी सुरू करतो: डायव्हिंग मुख्यतः कुठे करणार, कॅमेऱ्याच्या मेन्यूत फ्लॅशची शक्ती हाताने ठरवता येते का, आणि हाउसिंगवर ऑप्टिकल केबल लावायला जागा आहे का. एवढी उत्तरे मिळाली की निम्मी निवड तिथेच होऊन जाते. परदेशी जाणकारांचे सल्ले बहुधा इंडोनेशियाच्या किंवा तांबड्या समुद्राच्या स्वच्छ पाण्याला धरून दिलेले असतात. ते चुकीचे नसतात, पण वास्कोहून सुटणाऱ्या होडीत बसणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलले, तर पैसे नको त्या ठिकाणी खर्च होतात.

आपल्याकडचे पाणी कसे आहे, हे आधी मान्य करायला हवे. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या गाळ घेऊन समुद्रात उतरतात, मुरगाव बंदर जवळच आहे, आणि ग्रांदेच्या आसपासचा तळ उथळ असल्याने जरा लाट उठली की खालची माती वर येते. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसते, पण तीन-चार मीटरवरच हिरवट भिंत उभी असल्यासारखे वाटणारे दिवसही कमी नसतात. पाण्यात तरंगणारे हे कण छायाचित्राचे पहिले शत्रू. दुसरी अडचण जगातल्या कुठल्याही समुद्रात सारखीच असते: पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, आणि पाच-सहा मीटर खाली जाईपर्यंत तांबड्या रंगाचा बराचसा भाग नाहीसा झालेला असतो. बाजारातल्या पाटीत लालबुंद दिसणारी तांबोशी दहा मीटरवर करड्या-हिरव्या रंगाची दिसते, आणि कॅमेरा तिला तशीच टिपतो. संगणकावर नंतर रंग ओढून आणण्याचा प्रयत्न करता येतो, परंतु जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो ओढताना त्याच्यासोबत फक्त दाणेदारपणा वर येतो.

मग कॅमेऱ्यात जो फ्लॅश आहेच तो का वापरू नये, असे कोणीही विचारील. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात तो भिंगाला इतका चिकटून असतो, की त्याचा प्रकाश भिंग आणि मासा यांच्यामधल्या प्रत्येक कणावर समोरून पडतो आणि तिथून थेट भिंगात परत येतो. जुलैच्या धुक्यात चोर्ला घाटातून जाताना हेडलाइट अप्परवर टाकला, तर रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरा पडदाच उभा राहतो. पाण्यातही नेमके तेच घडते. छायाचित्रभर पसरणाऱ्या या पांढऱ्या ठिपक्यांना बॅकस्कॅटर म्हणतात. शिवाय हाउसिंगचे पुढे आलेले तोंड फ्लॅशच्या आड येते आणि चित्राच्या एका कोपऱ्यात काळी सावली पडते. हाउसिंगसोबत मिळणारा, प्रकाश पसरवणारा पांढरा डिफ्युजर ही सावली थोडी सौम्य करतो, पण कणांवर त्याचा काही इलाज नाही. स्ट्रोब घ्यायचा तो या कारणासाठी. प्रकाश वाढवणे हा त्याचा दुय्यम उपयोग आहे आणि प्रकाशाची जागा भिंगापासून दूर नेणे हा मुख्य, हे एकदा पटले की पुढच्या सगळ्या निवडी सोप्या होतात.

दुकानदार आणि जाहिराती सर्वांत आधी स्ट्रोबची शक्ती दाखवणारा गाइड नंबर सांगतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० असताना विषयाचे मीटरमधले अंतर आणि भिंगाचा एफ आकडा, म्हणजे त्याच्या छिद्राचे माप, यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. इनॉनच्या एस-२००० या छोट्या स्ट्रोबचा तो २० आहे, त्यानंतर आलेल्या एस-२२० चा २२, सी अँड सीच्या वायएस-०१ चा २०, तर त्याच कंपन्यांच्या मोठ्या झेड-३३० आणि वायएस-डी२ यांचे अनुक्रमे ३३ आणि ३२. हे आकडे हवेतले आहेत. पाण्यात ते बरेच खाली येतात. तरीही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हवेत २० क्रमांकाचा स्ट्रोब एफ ८ वर अडीच मीटरपर्यंत पुरतो. पाण्यात त्याची पोहोच निम्म्याहून कमी झाली असे धरले, तरी गोव्यात आपण छायाचित्र काढतो ते वीस ते पन्नास सेंटिमीटरवरून. अंतर निम्मे केले की विषयावर पडणारा प्रकाश चौपट होतो, त्यामुळे तीस सेंटिमीटरवर छोटा स्ट्रोबसुद्धा पूर्ण शक्तीवर लावला तर चित्र पांढरेफटक होते आणि तो उतरवावाच लागतो. दीड मीटरवरचा मासा टिपण्यासाठी मोठा स्ट्रोब घ्यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की दीड मीटर पाणी म्हणजे दीड मीटर गाळ, आणि स्ट्रोबच्या प्रकाशाला ते जाऊन येऊन दोनदा पार करावे लागते. आपल्या पाण्यात मोठ्या शक्तीने होते ते एवढेच, की गाळ अधिक उजळतो.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याबरोबर स्ट्रोब पेटवायचा कसा, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि तिथेच फसगत होते. या कॅमेऱ्यांच्या हाउसिंगला सहसा विजेच्या तारेची सोय नसते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चमकतो, त्याचा प्रकाश ऑप्टिकल केबलमधून स्ट्रोबच्या सेन्सरपर्यंत जातो, आणि तो पाहून स्ट्रोब चमकतो. केबलशिवायही काही स्ट्रोब दुसऱ्याचा प्रकाश पाहून चमकतात, परंतु उथळ पाण्यातल्या भर उन्हात तो सेन्सर गोंधळतो, आणि आजूबाजूला दुसरा कोणी छायाचित्रे काढत असेल तर त्याच्या फ्लॅशला आपला स्ट्रोब इमानेइतबारे उत्तर देत बसतो. म्हणून केबल घ्यावीच, आणि शक्य असेल तर अनेक बारीक तंतूंची घ्यावी, कारण ती वाकवली तरी प्रकाश फारसा गळत नाही. हाउसिंगवर केबलची टोपी बसवण्याचे छिद्र आहे की चिकटपट्टीने जोड लावावा लागेल, हे दुकानात हाउसिंग हातात घेऊन पाहिल्याशिवाय स्ट्रोबची मागणी नोंदवू नये. केबल लावल्यावर कॅमेऱ्याच्या फ्लॅशची उरलेली खिडकी काळ्या टेपने झाकायची, म्हणजे त्याचा प्रकाश चित्रात उतरत नाही.

यात प्री-फ्लॅश नावाची भानगड असते. कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर असला की मुख्य चमकेच्या क्षणभर आधी तो एक छोटी चमक सोडतो आणि तिच्यावरून उजेड मोजतो. स्ट्रोब जर या पहिल्या चमकेलाच फसला, तर शटर उघडेपर्यंत तो रिकामा झालेला असतो. डोळ्यांना तो चमकलेला दिसतो, चित्र मात्र काळे येते. कॅनन जी७ एक्स मार्क २ सारख्या कॅमेऱ्यात फ्लॅश मॅन्युअलवर टाकून त्याची शक्ती सर्वांत कमी ठेवता येते. मग प्री-फ्लॅश उरत नाही, कॅमेऱ्याची बॅटरी वाचते आणि पुढच्या चित्रासाठी थांबावेही लागत नाही. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेत अंगच्या फ्लॅशला अशी मॅन्युअल सोय नाही, तिथे प्री-फ्लॅश येतोच. त्यामुळे त्या कॅमेऱ्याच्या मालकाने प्री-फ्लॅश ओळखून सोडून देणारा स्ट्रोबच घ्यायला हवा आणि त्याच्यावरचा स्विच त्या खुणेवर ठेवायला हवा. दोघांचे जुळते आहे की नाही, हे घरच्या आरशासमोर कळते. हाउसिंग, केबल, स्ट्रोब असे सगळे जोडून, शक्ती कमी करून आरशात स्वतःचे छायाचित्र काढावे. चित्रातल्या स्ट्रोबचे तोंड पांढरे उजळलेले असेल तर सारे ठीक आहे. चमक डोळ्यांना दिसली, पण चित्रात स्ट्रोबचे तोंड काळे आले, तर तो प्री-फ्लॅशवरच उडून गेला असे समजावे. ही तपासणी मी दर हंगामाच्या सुरुवातीला करतो आणि नवा स्ट्रोब घेणाऱ्याला दुकानातच करायला सांगतो.

प्रकाशाचे मोजमाप कॅमेऱ्यावर सोडावे की आपण करावे, म्हणजे टीटीएल की मॅन्युअल, यावर डायव्हरमंडळी होडीत बसून तासन्‌तास भांडू शकतात. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठीच्या बहुतेक स्ट्रोबमध्ये टीटीएलचा एक सरळ प्रकार असतो, ज्यात स्ट्रोब कॅमेऱ्याच्या फ्लॅशची हुबेहूब नक्कल करतो: तो सुरू झाला की हा सुरू होतो, तो थांबला की हा थांबतो. धावपळ करणाऱ्या, अंतर सतत बदलणाऱ्या माशासाठी हे सोयीचे आहे. परंतु चित्राचा बराच भाग गडद पाण्याने भरलेला आणि मधोमध एवढासा फिकट प्राणी असला, की कॅमेरा गडद भागाकडे पाहून जास्त प्रकाश मागतो आणि प्राणी चित्रात पांढराफटक होतो. गढूळ पाण्यात जवळचे कण उजळले की उलटही घडते. माझा कल स्पष्टपणे मॅन्युअलकडे आहे, आणि त्याचे कारण गोव्याचे पाणीच आहे. इथे आपण जवळजवळ नेहमी एकाच अंतरावरून चित्र काढतो. डायव्हच्या सुरुवातीला स्वतःचा हात भिंगापुढे तीस सेंटिमीटरवर धरून पाव शक्तीवर एक चित्र काढावे, पडद्यावर पाहून शक्ती एखादी पायरी वर-खाली करावी, आणि मग त्या अंतराला चिकटून राहावे. सी अँड सीच्या वायएस-०३ सारखे काही स्ट्रोब केवळ टीटीएलवर चालतात आणि त्यांच्यावर शक्ती बदलण्याचे बटनच नसते. सुरुवात करणाऱ्याला ते सोपे म्हणून सुचवले जातात, पण मी ते सुचवणार नाही. जे बटन आज नको वाटते, त्याची गरज दुसऱ्या हंगामात पडते.

आता आर्म, म्हणजे स्ट्रोब धरणारे हात. स्ट्रोबवर खर्च करून आर्मवर काटकसर करणारे मी खूप पाहिले आहेत, आणि माझ्या मते पैशांची खरी विभागणी इथेच बिघडते. हाउसिंगखाली पक्का ट्रे, त्याला मूठ, तिच्यावर दोन तुकड्यांचा आर्म आणि मधे इंचभर व्यासाच्या गोळ्यांना पकडणारे क्लॅम्प एवढे सामान लागते. एकाच आखूड, लवचीक नळीवर स्ट्रोब लावला तर तो भिंगापासून जेमतेम वीतभर दूर जातो आणि ज्या कारणासाठी घेतला ते कारणच मागे पडते. स्ट्रोबमधून प्रकाश शंकूच्या आकारात बाहेर पडतो. गढूळ पाण्यातली खुबी अशी की या शंकूचा मधला भाग विषयावर रोखायचा नाही. स्ट्रोब बाजूला आणि हाउसिंगच्या किंचित मागे न्यायचा, त्याचे तोंड थोडे बाहेरच्या बाजूला वळवायचे, आणि शंकूची केवळ कड विषयावर पडू द्यायची, म्हणजे भिंगासमोरचे पाणी अंधारात राहते आणि त्यातले कण उजळतच नाहीत.

ग्रांदेच्या खडकांवर दिसणारा न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेला, बोटाच्या पेराएवढा समुद्री गोगलगाय, हे याचे चांगले उदाहरण ठरेल. तो बहुधा खडकाच्या उभ्या कडेवर असतो, लाटांची ओढ तुम्हाला मागे-पुढे हलवत असते, आणि हिरवट उजेडात त्याच्या पाठीवरचे रंग जवळपास दिसतच नाहीत. स्ट्रोब समोरून मारला तर मागचा खडक, त्याच्यावरची शेवाळाची लव आणि त्यावर बसलेली माती हे सगळे सारखेच उजळते आणि प्राणी त्यात हरवून जातो. तोच स्ट्रोब वरून आणि जरा बाजूने, खडकाला जवळजवळ घासून जाईल असा वळवला की पाठीवरच्या कल्ल्यांच्या झुबक्याची सावली पडते, डोक्यावरची दोन शिंगे वेगळी उठून दिसतात आणि मागचा खडक बराचसा काळोखात जातो. इथे चमकेचा अत्यल्प अवधीही उपयोगी पडतो, कारण लाटेने हलणारे आपले हात त्या क्षणापुरते गोठल्यासारखे होतात. मात्र त्या खडकावर दुसऱ्या हाताने काही धरण्याआधी तिथे प्रवाळ नाही ना, हे पाहावे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी चित्रासाठी त्याला रेटून उभे राहणे लाजिरवाणेच ठरले असते.

कॅमेऱ्याच्या बाजूने थोडे. कॅनन आणि सोनीच्या वर सांगितलेल्या कॅमेऱ्यांत पानांचे शटर भिंगातच असते, त्यामुळे फ्लॅश खूप वेगवान शटरबरोबरही जुळतो. आरएक्स १०० वर तो १/२००० सेकंदापर्यंत चालतो. शटरचा वेग वाढवला की मागचे हिरवट पाणी काळे होते आणि स्ट्रोबने उजळलेला विषय तसाच राहतो. आपल्या पाण्यात पार्श्वभूमी सुंदर निळी मिळणे दुर्मीळ असल्याने ही सोय मोलाची आहे. ऑलिंपसचा टीजी-६ स्वतःच १५ मीटरपर्यंत पाणी सोसतो, पीटी-०५९ या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत जातो, आणि त्याचा मायक्रोस्कोप मोड भिंगापासून एका सेंटिमीटरवरचा जीवही टिपतो; पण त्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, म्हणून शटरचा वेग स्वतः ठरवण्याची मुभा मिळत नाही. तरीही छोट्या जिवांसाठी मी टीजी घेणाऱ्याला परावृत्त करणार नाही. स्ट्रोब लावल्यावर कॅमेऱ्यातला पाण्याखालचा रंगसुधार मात्र बंद करावा आणि भिंगावर लाल फिल्टर असेल तर काढावा. स्ट्रोबचा प्रकाश साधारण दिवसाच्या उजेडासारखा पांढरा असतो. त्यावर कॅमेऱ्याने आणखी तांबडा रंग ओतला की मासा शेंदूर फासल्यासारखा दिसतो.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक छोट्या स्ट्रोबना चार पेन्सिल सेल लागतात. साध्या अल्कलाइनपेक्षा रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्यावेत, कारण त्यांच्यावर स्ट्रोब दोन चमकांमध्ये लवकर तयार होतो, आणि चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे ठेवावेत.

स्ट्रोबऐवजी व्हिडिओ लाइट घ्यावा का, असेही विचारले जाते. व्हिडिओ काढायचा असेल तर तो हवाच, पण छायाचित्रासाठी सतत जळणाऱ्या दिव्याचा प्रकाश स्ट्रोबच्या चमकेपुढे फिका पडतो, हलता विषय तो गोठवू शकत नाही, आणि खडकाच्या फटीत बसलेली वाम त्या प्रखर झोताला कंटाळून आत सरकते. फोकस करण्यापुरता छोटा दिवा पुरतो. काही स्ट्रोबमध्ये तो असतोच.

एक स्ट्रोब घ्यावा की दोन? गोव्यापुरते बोलायचे तर एक. दुसऱ्याचे पैसे हातात असतील, तर त्यांतून हाउसिंगवर बाहेरून बसणारे, छोटे जीव जवळून मोठे टिपणारे मॅक्रो भिंग घ्यावे, आणि त्यानंतर रुंद कोनाचे. रुंद भिंगाने विषयाच्या अधिक जवळ जाऊनही तो पूर्ण चौकटीत मावतो, आणि जवळ जाणे हाच गाळावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाच्या बाजूला नेहमी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथले पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते, माशांचे थवे आणि प्रवाळाचे मोठे खडक एका चौकटीत घेता येतात, आणि तेव्हा दोन बाजूंनी दोन स्ट्रोब असणे, तेही थोडे अधिक शक्तीचे असणे, सार्थकी लागते. पण तोपर्यंत एका स्ट्रोबने बाजूने प्रकाश टाकण्याची सवय झालेली असावी.

हे सामान बहुधा परदेशातून येते आणि त्यावर सीमाशुल्क भरावे लागते, म्हणून जुने विकत घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्यात गैर काही नाही, फक्त पाहावे काय ते ठाऊक असावे. बॅटरीचे झाकण उघडून आतल्या पत्र्यांवर हिरवा किंवा पांढरा गंज दिसतो का ते पाहावे. दिसला तर बहुधा खारे पाणी आत जाऊन आलेले असते, आणि विक्रेता कितीही म्हणाला तरी तो स्ट्रोब घेऊ नये. समोरच्या काचेतून फ्लॅशची नळी काळवंडली आहे का ते पाहावे. पूर्ण शक्तीवर सलग चमकवून तो प्रत्येक वेळी किती वेळात तयार होतो ते मोजावे. दुरुस्तीसाठी तो कुठे पाठवावा लागेल, हेही आधीच विचारून घ्यावे, कारण मुंबईपर्यंत जाऊनही काही वेळा काम होत नाही.

घरी आणल्यावर स्ट्रोबचे आयुष्य ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाला लागणाऱ्या रबरी कड्यावर, अवलंबून असते. तिच्यावर केसाएवढी वाळू राहिली तरी पाणी आत जाते, म्हणून झाकण लावण्याआधी तिच्यावरून बोट फिरवून पाहावे आणि सिलिकॉन ग्रीस चमक येण्यापुरतेच लावावे. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला निमंत्रण. डायव्हनंतर होडीवरच गोड्या पाण्याच्या बादलीत तो बुडवून ठेवावा आणि मीठ सुकू देऊ नये. जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गोव्याची दमट हवा काचेवर बुरशी धरते. त्या काळात सेल काढून, ओ-रिंग सैल करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह तो घट्ट डब्यात ठेवावा, आणि सेल महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्ज करावेत.